प्लझेन, आई आणि जवाचे चार दाणे

गेल्या वर्षी गणपतीला बडोद्याला आलो होतो. मंडळाच्या आरतीनंतर प्रसाद घेताना तिघा-चौघांनी मला एकच प्रश्न विचारला, "प्रागला असतोस ना? मग काय, बिअर पाण्यासारखी पीत असशील!" विचारताना प्रत्येकाचा आवाज खाली आला, कारण दोन पावलांवर आई उभी होती. मी हसलो आणि मोदक तोंडात टाकला.

आपल्या गावात हा विषय असाच संपवतात. गुजरात राज्य झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे. त्यामुळे आपल्या घरांत दारूबद्दल दोनच प्रकारे बोललं जातं, थट्टेत नाहीतर कुजबुजत. आमच्या घरात तर थट्टाही चालत नव्हती. टीव्हीवरच्या सिनेमात कुणी ग्लास हातात घेतला की आई उठून आत जायची. का, ते मी कधी विचारलं नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर आज देतो. हे पिण्याचं आमंत्रण नव्हे, एका दिवसाची हकिकत आहे.

यंदा मे महिन्यात आई-बाबा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आमची लेक तेव्हा दहा महिन्यांची होती. आईच्या बॅगेत कपड्यांपेक्षा डबेच जास्त होते. मेतकूट, भाजणी, आणि नातीसाठी दोन किलो नाचणीचं सत्त्व. ते यायच्या आदल्या रात्री मी फ्रिजमधल्या बिअरच्या पाच बाटल्या खोक्यात घातल्या आणि इमारतीच्या तळघरात आमच्या वाट्याला आलेल्या कोठीत नेऊन ठेवल्या. वय वर्षं चौतीस, पदरी मुलगी, आणि मी चोरासारखा जिना उतरत होतो. बायको दारात उभी राहून म्हणाली, "सांगून का टाकत नाहीस?" मी म्हटलं, "तू आईला ओळखत नाहीस."

प्लझेनला जायची टूम बाबांची. बाबा निवृत्त शिक्षक, विषय रसायनशास्त्र. त्यांच्या लेखी प्लझेन म्हणजे श्कोडाचं गाव. एमिल श्कोडाने १८६९ मध्ये इथला कारखाना विकत घेतला, हे त्यांना पाठ होतं. मी सांगितलं की त्याहून जुना एक कारखाना तिथे आहे, १८४२ चा, आणि तो आतून बघता येतो. जगभर ज्या फिकट सोनेरी बिअरला 'पिल्सनर' म्हणतात, ते नाव याच गावाचं. जर्मन लोक प्लझेनला पिल्सेन म्हणतात.

"किण्वन मी तीस वर्षं फळ्यावर शिकवलं," बाबा म्हणाले, "प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही. जाऊ या."

आई म्हणाली, "तुम्ही दोघं जा आत. मी बाहेर बाकावर बसेन, जप करेन."

"अगं, कारखाना आहे तो, गुत्ता नाही."

"माझ्यासाठी एकच."

लेकीला घेऊन बायको घरी थांबली आणि आम्ही तिघं निघालो. प्रागहून आगगाडीने दीड तासात प्लझेन येतं. चार नद्यांच्या संगमावरचं हे गाव १२९५ मध्ये दुसऱ्या वेन्सेस्लास राजाने वसवलं. मधोमध मोठा चौक, चौकात सेंट बार्थोलोम्यूचं चर्च आणि त्याचा शंभर मीटरहून उंच मनोरा. आईला चर्च आवडलं. आतल्या गारव्यात ती दहा मिनिटं डोळे मिटून बसली. बाहेर आल्यावर बाबांनी तिला चौकाच्या कडेचं नगरभवन दाखवलं. त्या इमारतीसमोर घडलेली एक गोष्ट त्यांनी आदल्या रात्री वाचून ठेवली होती.

गाव वसलं तेव्हापासून इथल्या २६० घरमालकांना बिअर करायचा हक्क होता. प्रत्येक जण आपापल्या परीने करायचा, त्यामुळे दर्जाचा भरवसा नव्हता. १८३८ मध्ये आंबून गेलेल्या बिअरची ३६ पिंपं लोकांनी या नगरभवनासमोर ओतून दिली. मग सगळ्यांनी मिळून एकच चांगला कारखाना बांधायचं ठरवलं आणि बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नावाच्या कारागिराला बोलावलं. त्याने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पहिला घाणा शिजवला.

"ओतून दिली ना? तिथेच थांबायचं होतं," आई म्हणाली.

कारखान्याचं दोन कमानींचं दगडी दार पन्नास वर्षं पूर्ण झाल्याबद्दल १८९२ मध्ये बांधलेलं आहे. दारापाशी खरोखरच बाक होते. आईने पदर सावरला, पिशवीतून जपमाळ काढली. तेवढ्यात एक आजीबाई दोन नातवंडांचे हात धरून आत गेल्या. आईने त्यांच्याकडे पाहिलं, माळ परत पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "चला. एकटीला बसून कंटाळा येईल."

आत एके ठिकाणी बिअरचा कच्चा माल मांडून ठेवला होता. हाताळायचा, हुंगायचा, चावून बघायचा. आमची गाईड विशीतली मुलगी होती. तिने सुरुवातीलाच विचारलं, "तुमच्यापैकी बिअर न पिणारे कोण?" आईने हात वर केला. बाबांनीही केला. मी दोन्ही हात खिशात घातले. ती आईला म्हणाली, "मग तुम्ही पुढे या. नेहमी पिणारे घाईत असतात, त्यांना यातलं काहीच कळत नाही." मी ते मराठीत सांगितलं आणि आईच्या चेहऱ्यावरचा ताठरपणा थोडा उतरला.

पहिलं पाणी. बाबा एक घोट घेऊन म्हणाले, "याला चवच नाही." गाईड म्हणाली, हीच तर इथली मोठी ठेव आहे. प्लझेनच्या पाण्यात क्षार फार कमी. कॅल्शियम लिटरला जेमतेम दहा मिलिग्रॅम. बडोद्यात ज्यांच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं त्यांनी आपल्या किटलीच्या तळाचा पांढरा थर आठवावा, म्हणजे फरक कळेल. धान्य भरपूर भाजलं की त्यात आम्लता येते आणि ती पाण्यातल्या कार्बोनेटला पुरून उरते. म्हणून डब्लिनसारख्या, कार्बोनेटयुक्त पाण्याच्या गावात काळी बिअर चांगली जमली. फिकट धान्याकडे ती ताकद नसते. अशा पाण्यात धान्याच्या सालीचा तुरटपणा उतरतो आणि कडवटपणा घशाला ओरबाडतो. प्लझेनच्या मऊ पाण्यात मात्र फिकट धान्याची नाजूक चव तशीच राहिली. गाव बदललं की आमटीची चव बदलते, असं आपल्या आज्या म्हणायच्या. ते हेच.

चेक भाषेत पाण्याला 'व्होदा' म्हणतात. आपलं उदक आणि हा व्होदा एकाच जुन्या कुळातले शब्द आहेत. बिअरला म्हणतात 'पिवो'. तो पिण्याच्या धातूवरून आलेला, म्हणजे आपल्या 'पिणे'चा चुलतभाऊ. हे ऐकून आई म्हणाली, "भाऊ असला तरी घरी बोलवायलाच पाहिजे असं नाही."

दुसरं धान्य. दोन वाडग्यांत जव होते, दिसायला जवळजवळ सारखेच. एकात साधे आणि दुसऱ्यात माल्ट. गाईडने साधा दाणा चावायला लावला. टणक, पिठूळ, बेचव. मग माल्टचे चार दाणे तिने आईच्या तळहातावर ठेवले. आईने ते निरखले, नाकाशी नेले आणि तोंडात टाकले. दाणे कुरकुरीत फुटल्याचा आवाज मलाही आला. आई सावकाश चावत राहिली. मग थांबली.

"हे गोड आहे."

"हो."

"यात साखर घातलेली नाही?"

"नाही."

ती पुन्हा चावू लागली आणि तिचे डोळे मोठे झाले. "अरे, हे तर सत्त्व आहे! मोड आणून वाळवलंय यांनी."

मी ते इंग्रजीत सांगितलं, तर गाईडला आनंद झाला. आईला उत्तर न सांगता कळलं होतं. जव दोनेक दिवस आलटून पालटून भिजवतात, चार-पाच दिवस मोड येऊ देतात आणि मग गरम हवेत वाळवतात. मोड येताना दाण्यात विकरं तयार होतात. अंकुराला पोसण्यासाठी दाण्यातल्या पिष्टाची साखर करणं हे त्यांचं काम. पुढे माल्ट भरडून कोमट-गरम पाण्यात ठेवलं, साधारण ६२ ते ७२ अंशांवर, की हीच विकरं सगळ्या पिष्टाची साखर करून टाकतात. बाबांना आता राहवेना. "डायास्टेज!" ते म्हणाले. "१८३३. पायां आणि पर्सो, दोघे फ्रेंच. त्यांनी ते माल्टमधूनच वेगळं केलं. शोधलेलं पहिलं विकर!" वर्गात असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

आई मात्र वेगळ्याच हिशेबात होती. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची, दळायची. तिची आई करायची, ती करते. बाळाला ते पचतं, कारण पिष्ट फोडायचं निम्मं काम मोडांनी आधीच केलेलं असतं, आणि खीर दाट न होता गोड लागते. "घटात जव पेरतो, तेव्हाही हेच होतं आतमध्ये," ती म्हणाली. "नवव्या दिवशी आपण ते डोक्यात खोवतो. हे लोक उपटायच्या आधीच वाळवतात."

तिसरं हॉप. वाळलेली हिरवट फुलं, कागदाच्या चुण्या केल्यासारखी हलकी. ही वेल प्लझेनच्या उत्तरेला झातेत्सच्या आसपास पिकते. ती तारांवरून सात मीटर उंच चढते. तिथली हॉपची शेती, गोदामं आणि वाळवणघरं २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. फूल मधोमध फोडलं की आत पिवळी पूड दिसते. कडवटपणा आणि वास, दोन्ही तिच्यातले. वास गवताचा, थोडा लिंबाच्या सालीचा. बाबांनी अख्खं फूल तोंडात टाकलं आणि पुढची पाच मिनिटं ते बोलू शकले नाहीत. आईने एकच पाकळी जिभेवर ठेवली. "किराईत," ती म्हणाली. काडेचिराइताचा काढा आमच्याकडे दर पावसाळ्यात व्हायचा, म्हणून तिला तोंडही वाकडं करावं लागलं नाही.

उकळताना हॉपचा कडवटपणा पाण्यात उतरतो, माल्टचा गोडवा तोलला जातो आणि नासवणारे जंतू दूर राहतात. बिअर टिकावी म्हणून लोकांनी हॉप घालायला सुरुवात केली, चव नंतर आवडायला लागली. "लोणच्यात मेथी घालतो तसं," आई म्हणाली. मी तिच्याकडे बघतच राहिलो. मी तीन वर्षं इथे आहे, अनेक मित्रांना हा कारखाना दाखवला आहे, पण इतक्या पटापट कुणी समजून घेतलं नव्हतं. आम्ही नेहमी ग्लासपासून सुरुवात करायचो. ती वाटीपासून करत होती.

चौथं यीस्ट. ते चाखायला नव्हतं. बव्हेरियातल्या १५१६ च्या नियमात बिअरसाठी जव, हॉप आणि पाणी एवढंच सांगितलं आहे. चौथ्याचं नाव नाही, कारण असा काही जीव त्यात काम करतो हे कुणाला माहीत नव्हतं. साखर खाऊन अल्कोहोल करणारा हाच.

"म्हणजे आतापर्यंत मी जे खाल्लं त्यात दारू कुठेच नव्हती," आई म्हणाली.

"नव्हती."

"या चौथ्याने आणली."

"हो."

ती काही बोलली नाही. पुढे निघालो तशी तिने मूठ मिटलेली मला दिसली. मुठीत माल्टचे उरलेले दाणे होते.

शेवटी तळघर. ही तळघरं जमिनीखाली खडकात हाताने खोदलेली आहेत. सगळी मिळून सुमारे नऊ किलोमीटर. यंत्रं येण्याआधी इथे बर्फ भरून ठेवत, कारण या बिअरचं यीस्ट थंडीत, सावकाश काम करतं. मे महिन्यातही आईला शाल घ्यावी लागली. भिंती ओल्या होत्या आणि मोठ्या लाकडी पिंपांमधून आंबलेल्या पिठासारखा वास येत होता. आई एकदम थबकली. तिने शालीचं टोक नाकाला लावलं.

गाईड पिंपातून थेट ग्लास भरून एकेकाला देत होती. बाबांनी हात जोडून नाही म्हटलं. माझी पाळी आली. मी म्हणालो, "नको." मुलगी आश्चर्याने म्हणाली, "पण तुम्ही तर मागच्या वेळी..." आणि गप्प झाली.

आई मराठीतच म्हणाली, "घे."

"अगं, मी..."

"घे म्हणते ना. तळघरातल्या कोठीत बाबागाडी ठेवायला मी दुसऱ्याच दिवशी गेले होते. पाच बाटल्या आहेत."

मी ग्लास घेतला. त्या बिअरची चव मला आठवत नाही.

परतीच्या गाडीत बाबांना डुलकी लागली. आई खिडकीबाहेर बघत होती. मग मान न वळवता तिने बोलायला सुरुवात केली. माझे आजोबा, तिचे वडील, मी पाहिलेले नाहीत. पोटाच्या आजाराने गेले, एवढंच मला माहीत होतं. ते प्यायचे. बडोद्यात चोरून मिळायची, गुळाची, हातभट्टीची. बाटली माळ्यावर तांदळाच्या डब्यामागे असायची. दहा वर्षांच्या आईने ती एकदा पाहिली आणि धावत जाऊन आजीला सांगितलं. आजीने तिच्या तोंडावर हात ठेवला. "शेजारी कुणी विचारलं तर बाबांना ताप आहे म्हणायचं, एवढं तिने शिकवलं. मी सात वर्षं त्यांचा ताप सांगत होते. वाड्यात सगळ्यांना माहीत होतं. फक्त आम्ही घरातले एकमेकांशी बोलत नव्हतो."

मी काय बोलणार?

"त्या वासाची मला अजून भीती वाटते," ती म्हणाली. "लहानपणी वाटायचं, काहीतरी विष असणार, म्हणून माणूस असा होतो. आज खाली तोच वास थोडा आला. पण आज त्याच्या आधीचं सगळं खाऊन झालं होतं. धान्य, पाणी, कडू फूल. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं." थोड्या वेळाने तिने विचारलं, "किती पितोस?"

"आठवड्यातून एखादी. कधी दोन."

"मोजतोस?"

"हो."

"मोजत राहा. मला आवडणार नाही, ते नाहीच. पण लपवू नकोस. आमच्या घरात त्या बाटलीइतकाच माळ्यानेही घात केला."

त्या रात्री मी तळघरातून खोका वर आणला. मी फ्रिज उघडून उभा होतो, बाटल्या कुठे ठेवाव्या ते कळेना. आई मागून आली, सत्त्वाचा डबा तिने वरच्या कप्प्यात सरकवला आणि खालचा कप्पा मोकळा करून दिला. मग नातीला झोपवायला निघून गेली.

ऑक्टोबरमध्ये बडोद्याहून तिचा व्हिडिओ कॉल आला. खंडेराव मार्केटातून सालासकट जव आणून तिने गच्चीवर सत्त्व घातलं होतं. पॉलिश केलेल्या जवांना मोड येत नाहीत, हे एक किलो वाया गेल्यावर कळलं म्हणे. मुलांना हे चाखवून बघायचं असेल तर तिची रीत देतो. जव रात्रभर भिजवून निथळायचे. ओल्या फडक्यात ठेवून दिवसातून दोनदा धुवायचे. तीन-चार दिवसांत मोड दाण्याएवढे झाले की दोन दिवस वाळवायचे आणि चोळून मुळं काढायची. भाजायचे मात्र नाहीत, विकरं मरतात. एक वाटी भरड तीन वाट्या गरम पाण्यात घालायची. पाणी ६५ अंशांच्या आसपास हवं, उकळतं नको. भांडं टॉवेलात गुंडाळून तासभर ठेवायचं आणि गाळायचं. त्याआधी साध्या जवाचा आणि मोडाच्या जवाचा एकेक दाणा प्रत्येकाला चावायला द्यायचा, आणि फरक आपण सांगायचा नाही. त्यांनाच सांगू द्यायचा.

आईने कपभर ते पाणी कॅमेऱ्यासमोर धरलं. बाबा मागून "माल्टोज, माल्टोज" असं ओरडत होते. ती एक घोट प्यायली.

"गोड झालंय. आता तुझा तो चौथा यायच्या आत संपवते," म्हणाली आणि उरलेलं पिऊन टाकलं.